नांगर: शेतातला आणि दर्यातला



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही एका शब्दात उत्तर पाठविले: 'नांगर'. दोन दिवसांनी त्यांचा उलट निरोप आला. कामगार चळवळीतला माणूस शेतीवर कसा काय बोलणार, अशी त्यांची शंका होती. त्या निरोपानेच आमचे अर्धे व्याख्यान झाले आहे. कारण आम्हांला बोलावयाचे होते ते जहाजाच्या नांगरावर. चालकांच्या डोळ्यांपुढे बैलजोडी उभी राहिली, आमच्या डोळ्यांपुढे पूर्णगडची खाडी होती. शब्द एकच, आणि चूक चालकांचीही नव्हे, आमचीही नव्हे.

आम्ही भाषापंडित नव्हे. आमचे शाळेतले शिक्षण लवकर संपले; पुढचे जे काही झाले ते खलाशांच्या खोल्यांत, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. शब्दांचा नाद आम्हांला लागला तो हौसेने नव्हे. एका माणसाचा पाय आणि त्या पायाची किंमत यांचा प्रश्न पडला म्हणून लागला. ती हकीगत पुढे सांगणारच आहोत. आधी जागा पाहू.

आपल्या रत्नागिरीहून पावसमार्गे दक्षिणेस गेले की मुचकुंदी नदीच्या मुखाशी पूर्णगड लागतो. नदी लांज्याच्या बाजूने, माचाळच्या डोंगरातून येते. टेकडीवर लहानसा किल्ला. त्याचा एक दरवाजा समुद्राकडे उघडतो. समोरच्या तीरावर गावखडी, तिची वाळू आणि सुरूचे बन. आता दोन्ही तीरांना जोडणारा पूल झाला आहे आणि मोटारीतला प्रवासी पाण्याकडे एक नजर टाकून पुढे जातो. पण त्या पुलावर घटकाभर उभे राहावे. एका अंगाला भातखाचरे आणि दुसऱ्या अंगाला होड्या. या दोन गोष्टी आपल्या किनाऱ्यावर इतक्या लगत आहेत की, एकाच घराच्या पडवीत शेताचा नांगर आणि होडीचा नांगर शेजारी शेजारी ठेवलेले आम्ही पाहिले आहेत.

हे शेजारपण केवळ जागेचे नाही, काळाचेही आहे. शिडाच्या दिवसांत पावसाळा तोंडावर आला म्हणजे गलबते, मचवे, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवीत. मग तोच खलाशी चिखलात उतरून बैलांच्या मागे चाले. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला की तोच माणूस पुन्हा पाण्यावर. म्हणजे मृगापासून लावणी संपेपर्यंत त्याच्या हातात एक नांगर आणि उरलेले वर्ष दुसरा. खारवी असो, भंडारी असो, दालदी असो, ज्याला चार गुंठे खाचर होते त्याचे वर्ष असेच वाटले गेलेले असे. आज यांत्रिक मासेमारीला 1 जून ते 31 जुलै अशी सरकारी बंदी असते. कॅलेंडर कायद्याचे झाले, पण ऋतू तोच आहे.

आता मौज पाहा. शेत नांगरले असे म्हटले म्हणजे माणूस दिवसभर चालला. जहाज नांगरले असे म्हटले म्हणजे ते थांबले. एकच क्रियापद, एकीकडे चालण्याचे आणि दुसरीकडे थांबण्याचे. असा दुतोंडी शब्द भाषेत आला कोठून?

हा प्रश्न आम्हांला पहिल्यांदा पडला त्याला आता पंचवीसएक वर्षे होतील. एक खलाशी किनाऱ्यालगत माल नेणाऱ्या एका बार्जवर कामाला होता. मे महिन्याच्या अखेरीस, नांगर वर घेत असता साखळी सटकली आणि नांगर त्याच्या उजव्या पायावर आला. पाय मोडला. मालकाने त्याला चार दिवस इस्पितळात ठेवून गावी धाडून दिले. गावी आल्यावर त्याने भरपाईसाठी जबानी दिली. जबानी मराठीत, थोडक्यात: नांगर लागून पाय मोडला. पुढे एका कचेरीत तिचे इंग्रजी भाषांतर झाले. भाषांतर करणारा माणूस देशावरचा, समुद्र न पाहिलेला. त्याने प्रामाणिकपणे शेतातल्या नांगराचा इंग्रजी शब्द घातला. कागद पुढे सरकला आणि मालकाच्या वकिलाला आयते हत्यार मिळाले. तो म्हणाला, हा मनुष्य रजेवर गावी गेला असता शेत नांगरताना जखमी झाला; मृगाचे दिवस आहेत, सारे कोकण नांगरणी करीत आहे; आमच्या अशिलाचा यात संबंध काय?

आपणांस ठाऊक असेल की, 1923च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचा सारा डोलारा एका अटीवर उभा होता: इजा कामामुळे आणि काम करीत असता झालेली पाहिजे. त्या कायद्यात दर्यावर्दी लोकांसाठी 15वे कलम स्वतंत्र होते. पण ज्याला इजाच शेतात झाली त्याला कलम कोणतेही असो, काय उपयोग? एका शब्दाने आमचा खलाशी जहाजावरून उतरून खाचरात जाऊन पडला होता.

आम्ही आयुक्तांपुढे दोन गोष्टी नेल्या. एक, त्याच बार्जवरच्या तांडेलाची साक्ष. दुसरी, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. 1831 साली हा कोश प्रथम निघाला आणि 1857 साली त्याची वाढविलेली आवृत्ती आली. त्यात 'नांगर' या शब्दाखाली शेतीचे अवजार आणि जहाजाचे साधन असे दोन्ही अर्थ दिलेले आहेत. वाचनालयातून तो जाडजूड ग्रंथ पिशवीत घालून आम्ही नेला होता. आयुक्तांनी पान वाचले, चष्मा काढून हसले आणि जबानी दुरुस्त करून घेतली. भरपाई मिळाली. पण एवढ्या एका शब्दापायी जवळजवळ वर्ष गेले होते आणि त्या वर्षात त्या घरातली एक म्हैस आणि बायकोच्या पाटल्या गेल्या होत्या. शब्दाचा अर्थ म्हणजे काय, हे त्या दिवशी आम्हांला कळले. पंडितांसाठी तो वादाचा विषय असेल. हातावर पोट असणाऱ्यासाठी तो पाटल्यांचा विषय असतो.

त्यानंतर आम्ही त्या कोशाचे ते पान पुन्हा पुन्हा वाचले. तिथे एक बारीकशी गोष्ट होती. कोशकाराने दोन अर्थांना दोन निरनिराळी मुळे दिली होती. शेतातला नांगर संस्कृत 'लांगल' शब्दापासून आणि समुद्रातला नांगर फारसी 'लंगर' शब्दापासून. म्हणजे आपण ज्याला एक शब्द समजतो ते खरोखर दोन शब्द आहेत. दोन दिशांनी आले आणि कोकणच्या किनाऱ्यावर येऊन एकाच रूपाचे झाले.

पहिल्याची वाट पाहू. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात शेताच्या देवतेचे जे 57वे सूक्त आहे त्यात 'लांगल' हा शब्द येतो. बलरामाला लांगली म्हणतात तो याच शब्दावरून. पाली भाषेत त्याचे 'नंगल' झाले, प्राकृतात 'णंगल' आणि मराठीत 'नांगर'. सुरुवातीच्या 'ल'चा 'न' झाला आणि शेवटच्या 'ल'चा 'र'.

दुसऱ्याची वाट समुद्रावरची. इराणी आणि अरब खलाशी पश्चिम किनाऱ्यावर शतकानुशतके येत होते. त्यांच्या तोंडी 'लंगर'. आपल्या खलाशाने तो शब्द उचलला आणि त्याच्याही आरंभीच्या 'ल'चा 'न' केला. 'ल' आणि 'न' यांची अशी अदलाबदल आपल्या जिभेला नवी नाही. निंबाचे आपण लिंब केले, नवनीताचे लोणी केले. तेव्हा लंगराचा नांगर होणे उच्चाराच्या दृष्टीने सोपेच होते.

पण आमच्या मते निव्वळ उच्चाराने हे घडलेले नाही. शब्द बदलतो तो जिभेच्या सोयीने, हे खरे. पण तो कोणत्या रूपात जाऊन स्थिर होतो ते मनातल्या ओळखीने ठरते. विचार करा. एक माणूस आषाढात बैलांमागे नांगर धरून आला आहे. भाद्रपदात तो परक्या नाखव्याच्या गलबतावर चढतो. तेथे लोखंडाचे एक वाकडे, टोकदार अवजार दोराला बांधलेले आहे. ते पाण्यात सोडले की तळाच्या मातीत रुततो त्याचा दात. नाखवा ओरडतो, "लंगर!" या माणसाच्या कानाला तो शब्द परका, पण डोळ्याला वस्तू ओळखीची. वाकडे आहे, टोकदार आहे, माती धरते. तो मनात म्हणतो, हा तर आपला नांगर! आणि त्या क्षणापासून तो शब्द त्याचा होतो. कोणा राजाने फर्मान काढले नाही, कोणा शास्त्र्याने सूत्र लिहिले नाही. परका शब्द एका मजुराने आपल्या पडवीत आणून ठेवला.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा आहे असे मानू नये. जहाजाचे दुसरे एक अंग घ्या: सुकाणू. जहाजाला वळविणारे, पिछाडीचे पाण्यातले फळकूट. हा शब्द अरबी 'सुक्कान' पासून आला. अरबीने तो आरामी भाषेतून घेतला आणि त्याच्याही आधी मेसोपोटेमियाच्या अक्कदी भाषेत 'सिक्कान्नू' असा शब्द वल्ह्यासारख्या सुकाणूला होता. म्हणजे तैग्रिस-युफ्रेटिसच्या नावाड्यांचा शब्द हजारो वर्षे हातोहात फिरत पूर्णगडच्या खाडीत आला. आता सुकाणू धरणारा तो 'सुक्कानी'. इंग्रजांच्या जहाजांवर हिंदी खलाशी काम करू लागले तेव्हा हा शब्द इंग्रजांच्या कानी पडला. त्यांनी त्याचे 'सीकनी' केले. त्यात त्यांना आपला समुद्रवाचक 'सी' ऐकू आला आणि कुशल या अर्थाचा 'कनिंग' ऐकू आला. समुद्रात जो कुशल तो सीकनी! अगदी आपल्या नांगरासारखीच गोष्ट. लंडनचा गोरा खलाशी आणि पूर्णगडचा काळा खलाशी, दोघांनी परक्या शब्दाशी एकाच रीतीने सोयरीक केली.

इंग्रजांना हे शब्द शिकणे भागच होते. 1811 साली कलकत्त्यास टॉमस रोबक या अधिकाऱ्याने इंग्रजी-हिंदुस्तानी नाविक कोश छापला, तो याच गरजेपोटी. वादळात शीड उतरवावयाचे असता साहेबाने इंग्रजीत हुकूम सोडला आणि तो खलाशाला कळला नाही, तर जहाज बुडते. आणि बुडताना साहेबही बुडतो. म्हणून साहेबाने मजुराची भाषा शिकावी असा ग्रंथ निघाला. आमच्या पाहण्यात मालकवर्गाने कामगाराची बोली इतक्या निकडीने शिकल्याची उदाहरणे फार थोडी आहेत. त्या बोलीत अरबी होती, फारसी होती, पोर्तुगीज होती, हिंदुस्तानी होती. आपल्या किनाऱ्यावरची आडनावे पाहिली तरी हे दिसेल. नाखवा म्हणजे फारसी 'नाखुदा', नावेचा धनी. त्यातली 'ना' ही आपल्याच नावेची सख्खी बहीण. सारंग म्हणजे फारसी 'सरहंग', तुकडीचा नायक. खलाशी हा शब्द अरबी, बंदर फारसी आणि आरमार हा तर पोर्तुगिजांच्या 'आर्मादा' पासून.

येथे कोणी विचारील की, मग आपले असे राहिले काय? हा प्रश्न या जिल्ह्यात विचारला जाणे योग्यच आहे. कारण 1924 पासून 1937 पर्यंत स्वातंत्र्यवीर सावरकर रत्नागिरीस स्थानबद्ध होते आणि त्या काळातच त्यांनी भाषाशुद्धीची चळवळ जोमाने चालविली. नव्या वस्तूंना आपले शब्द हवेत, हा त्यांचा आग्रह. त्या आग्रहातून आलेले दिनांक, महापौर यांसारखे शब्द आपण रोज वापरतो आणि ते वापरताना आम्हांला कसलाही संकोच वाटत नाही. कामगारालाही आपल्या भाषेतला कायदा हवाच आहे. पण परका शब्द ओळखून बाहेर काढण्याची गोष्ट निघाली की आम्ही नम्रपणे 'नांगर' पुढे करतो. कितीही कडक शुद्धिवादी असला तरी तो या शब्दाला हटकणार नाही. कारण हा तर आपल्या शेतकऱ्याचा, वेदातला शब्द. आणि तरीही जहाजावरचा नांगर फारसी आहे!

बरे, शेतातला तरी निखळ आपला आहे काय? प्रझिलुस्की नावाच्या फ्रेंच पंडिताने असे दाखविले की, 'लांगल' हा शब्द मुळात आर्यांचा नसावा. तो मुंडा वगैरे लोकांच्या भाषाकुळातून आला असावा. कंबोडियाच्या ख्मेर भाषेत नांगराला 'अंगकाल' म्हणतात, मलायी भाषेत 'तेंगाला' म्हणतात. त्याचे आणि त्याच्या सोबत्यांचे असे लेख प्रबोधचंद्र बागची यांनी इंग्रजीत आणले आणि कलकत्ता विद्यापीठाने 1929 साली ते ग्रंथरूपाने छापले. हे मत मानले तर वेदातल्या ऋषीनेसुद्धा नांगराचा शब्द घेतला तो जमीन कसणाऱ्या रानातल्या माणसांकडून. म्हणजे शेतातला नांगर एका कष्टकऱ्याने दिला आणि समुद्रातला दुसऱ्याने. आपले म्हणजे काय? जे आपण हाताळले, ज्याने आपण पोट भरले, ते आपले. याहून शुद्ध व्याख्या आम्हांला सापडलेली नाही.

आता कोणी म्हणेल, हे साम्य वरवरचे आहे. खलाशाला दोन्ही वस्तू वाकड्या दिसल्या एवढेच. वाकडेपणा तर पुष्कळांनी पाहिला. इंग्रजी 'अँकर' हा शब्द ग्रीक 'अंकुरा' पासून आला आणि त्याच्या मुळाशी वाकणे हाच अर्थ आहे. आपला हत्तीचा 'अंकुश' त्याच कुळातला. पण आमच्या खलाशाने वाकडेपणाच्या पलीकडचे काही पाहिले होते. त्याने नांगराचे काम ओळखले होते.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनाही पुष्कळदा वाटते की, नांगर जड असतो म्हणून जहाज धरून ठेवतो. पूर्णगडच्या एका म्हाताऱ्या तांडेलांना आम्ही हेच विचारले होते. दालदी घरातले, जन्म पाण्यावर गेलेला. सारा गाव त्यांना चाचा म्हणे. चाचा जाळे शिवत होते. मान वर न करता म्हणाले, "नांगर जड असून भागत नाय रे भाऊ, तो चावरा हवा. आणि दोराला कंजुषी नको." या दोन वाक्यांत सारे नांगरशास्त्र आहे. नांगराचा दात तळाच्या चिखलात रुतला पाहिजे. आणि दोर पाण्याच्या खोलीच्या कितीतरी पट लांब सोडला पाहिजे, म्हणजे जहाजाची ओढ आडवी येते. ओढ आडवी असली की दात अधिक खोल जातो. दोर आखूड ठेवला तर ओढ वर येते आणि नांगर उपटतो. शेतातही हेच नाही काय? फाळाला बैल पुढे ओढतात, वर उचलीत नाहीत. आणि नांगऱ्याने रुमण्यावरचा हात नीट ठेवला तरच फाळ मातीत शिरतो.

जुन्या काळचे दगडी नांगर पाहिले तरी ही दृष्टी दिसते. गोव्याच्या दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पाण्यात बुड्या मारून गुजरात, महाराष्ट्र आणि गोवे यांच्या किनाऱ्यांवर असे नांगर शोधले आहेत. काही लांबट दगड आहेत. वर दोरासाठी भोक आणि खाली चौकोनी भोके. त्या चौकोनी भोकांत लाकडी खुंट्या ठोकीत, म्हणजे दगडाला दात येत. नुसत्या वजनावर भागले असते तर खुंट्या कशाला? याच जातीचे नांगर इराणच्या सिराफ बंदराच्या परिसरातही मिळाले आहेत. म्हणजे शब्द ज्या वाटेने आला, त्याच वाटेवर दगडही पडलेले आहेत.

आणि आता या कथेतला आमचा सर्वांत आवडता भाग. 1933 साली केंब्रिजचा प्रख्यात गणिती जेफ्री इन्ग्रॅम टेलर याने एका नव्या नांगराचे पेटंट घेतले. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांना हलका पण घट्ट धरणारा नांगर हवा होता. टेलर स्वतः शिडाच्या होडीचा शौकीन. त्याने हिशेब मांडला की, वजन वाढविण्यात अर्थ नाही. मातीत शिरण्याचा आकार साधला पाहिजे. आणि त्याने जो आकार निवडला तो शेताच्या नांगराच्या फाळाचा! या नांगराला सी. क्यू. आर. असे नाव मिळाले आणि इंग्रजीत त्या जातीला आजही नांगर-अँकर अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. जगभरच्या लहान नौकांवर तो पसरला. केंब्रिजच्या विद्वानाला जे 1933 साली गणिताने सापडले, ते आमच्या निरक्षर खलाशाने कित्येक पिढ्यांपूर्वी एका शब्दात सांगून ठेवले होते. टेलरसाहेबांच्या बुद्धीविषयी आम्हांला पूर्ण आदर आहे. एवढेच म्हणावयाचे आहे की, कष्टकऱ्याच्या शब्दात ज्ञान साठविलेले असते. तो लिहीत नाही, म्हणून त्याला कळत नाही असे नव्हे.

'लंगर' हा शब्द मराठीत आल्यावर त्याच्या सर्वच रूपांचा नांगर झाला असेही नाही. 'लंगर' तसाच राहिला, पण त्याने दुसरा अर्थ पत्करला: जाड साखळी, बेडी. खंडोबाच्या जत्रेत वाघे लंगर तोडतात तो हाच. लोखंडी साखळी हिसड्याने तोडावयाची, आणि तुटली की भंडारा उधळावयाचा. तिकडे उत्तरेत गुरुद्वारात सर्वांना एका पंगतीत जेवण मिळते त्यालाही लंगर म्हणतात. कारण फारसीत या शब्दाचा अन्नछत्र असाही अर्थ आहे. म्हणजे या कुटुंबात नांगर आहे, साखळी आहे आणि भाकरीही आहे. कामगार चळवळीतल्या माणसाने आणखी काय मागावे?

पण या तीन अर्थांचे भांडण आज समुद्रावर खरोखर चालले आहे, आणि ते सांगितल्यावाचून आम्हांला बसता येणार नाही. जहाजमालकाचे दिवाळे निघते, किंवा तो निघाल्याचे सोंग करतो. जहाज कोठल्यातरी परक्या बंदराबाहेर नांगरून पडते. खलाशांना पगार नाही, डिझेल नाही, गोडे पाणी नाही, शिधा संपत आलेला. जहाज सोडून उतरावे तर त्या देशाचा परवाना नाही, आणि उतरले तर थकलेला पगार बुडण्याची भीती. महिनेच्या महिने माणसे अशी अडकून राहतात. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाने 2024 सालचे जे आकडे दिले त्यांत अशी टाकून दिलेली जहाजे 300हून अधिक आणि त्यांवरची माणसे 3,000हून अधिक होती; आणि त्यांत सर्वांत अधिक भरणा भारतीयांचा होता. अशा जहाजावर नांगर हा नांगर राहत नाही. तो पुन्हा लंगर होतो, बेडी या अर्थाचा. जो दात जहाजाला वादळात तारतो, तोच माणसाला बंदीवान करतो.

यावर उपाय नाही असे नव्हे. 2006 सालचा सागरी कामगार करार आहे. भारताने 2015 साली त्याला मान्यता दिली. त्यात 2014 साली दुरुस्ती झाली आणि ती 18 जानेवारी 2017 पासून अमलात आली. तीप्रमाणे दोन महिने पगार थकला तरी खलाशाला टाकून दिले असे मानले जाते; आणि मालकाने आधीच उतरविलेल्या विम्यातून चार महिन्यांपर्यंतचा पगार, अन्नपाणी आणि घरी परतण्याचा खर्च मिळाला पाहिजे. त्या विम्याचा दाखला जहाजावर सर्वांना दिसेल असा लावलेला असावा लागतो. आपल्या ओळखीचा एखादा मुलगा जहाजावर चालला असेल, तर त्याला निरोप देताना एवढे सांगा: बाबा, चढल्याबरोबर तो कागद भिंतीवर आहे की नाही ते पाहा. आणि दुसरे महिन्याचे पैसे आले नाहीत तर चौथ्या महिन्याची वाट पाहू नकोस.

शेवटी एक विनंती करतो. लाकडी होड्या कमी होत चालल्या, फायबरच्या आल्या. काथ्याचा दोर गेला, नायलॉनचा आला. त्यात दुःख करण्यासारखे काही नाही. ज्याच्या खांद्याला काथ्याने घट्टे पडले त्याला विचारा. पण वस्तू जाताना तिचा शब्द जातो, आणि शब्दाबरोबर त्यातले शहाणपण. आपल्या घरात कोणी म्हातारा तांडेल असेल तर त्याच्याजवळ बसा. होडीच्या एकेका भागाला तो काय म्हणतो ते लिहून घ्या. आणि त्या भागाचे काम काय, तेही लिहून घ्या. नुसता शब्द लिहिला तर त्याची गत आमच्या त्या जबानीसारखी होते. आणि आपल्यापैकी जे कचेऱ्यांत बसतात, त्यांना आमचे हात जोडून सांगणे आहे: कष्टकऱ्याची जबानी लिहिताना त्याने उच्चारलेला शब्द आपल्या ओळखीचा वाटला, तरी एकदा विचारावे, "काका, नांगर म्हणजे कोणता?"

त्या खलाशाला त्या दिवशी हा एक प्रश्न कोणी विचारला असता, तर त्याच्या बायकोच्या पाटल्या हातात राहिल्या असत्या.